पहिला शोधनिबंध कुठे आणि कसा पाठवावा

बडोद्यातील मराठी घरात कोणी पीएच.डी.साठी नाव नोंदवले की वर्ष उलटायच्या आत वडीलधारी माणसे विचारू लागतात, "तुझा पेपर आला का?" माझ्या आजीच्या लेखी पेपर म्हणजे सकाळी दारात पडणारा. माझा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याचे मी दांडिया बाजारातील घरी येऊन सांगितले, तेव्हा तिने एकामागून एक तीन प्रश्न विचारले: कुठे छापून आला, मला वाचायला कुठे मिळेल, आणि त्यांनी तुला किती पैसे दिले. पहिल्याचे उत्तर मी दिले, दुसऱ्याचे देता आले नाही, आणि पैसे मीच भरले होते हे तिच्यापासून लपवले. पुढे अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवताना आणि विद्यार्थ्यांचे मसुदे वाचताना माझ्या लक्षात आले की शास्त्रीय प्रकाशनातील बहुतेक अडचणी या तीन प्रश्नांतच मावतात. हा लेख नुकतीच नोंदणी केलेले संशोधक, एम.एस्सी.च्या प्रकल्पातून काही हाती लागलेले विद्यार्थी आणि महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक यांच्यासाठी आहे.

आरंभी नियमांविषयी एक खुलासा करतो, कारण त्याबाबत ऐकीव माहिती फार फिरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे बंधनकारक होते. २०२२ च्या विनियमांनी ही सक्ती काढून टाकली. मात्र एखादे विद्यापीठ किंवा विभाग स्वतःची अट ठेवू शकतो, म्हणून तुमच्या नोंदणीच्या वर्षाला कोणता नियम लागू आहे हे वरच्या वर्गातील मित्राला न विचारता विभागाकडून लेखी घ्यावे. मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आयोगाने २०१९ मध्ये सुरू केली होती. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि नियतकालिक पारखण्याचे काम संशोधक, मार्गदर्शक व संस्था यांच्याकडे आले. यादीत नाव आहे की नाही एवढे पाहून मोकळे होण्याची सोय आता उरलेली नाही.

पहिली पायरी : सांगायचे काय ते आधी मराठीत सांगा

आपल्याकडील संशोधक घरी मराठी बोलतो, प्रयोगशाळेत गुजराती बोलतो आणि लिहितो इंग्रजीत. या तीन भाषांच्या फेऱ्यात पुष्कळदा मूळ मुद्दाच हरवतो आणि मसुद्यात केवळ इतरांच्या शोधनिबंधांतून उचललेली, ओळखीची वाटणारी वाक्ये उरतात. म्हणून संगणकाला हात लावण्यापूर्वी एका कागदावर मराठीत चार वाक्ये लिहावीत: आधी काय माहीत होते, काय माहीत नव्हते, मी काय केले, आणि त्यातून काय कळले. समजा, तुम्ही एका तालुक्यातील चाळीस बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइड दोन वर्षे मोजले आहे. तर चौथे वाक्य "फ्लोराइडचा अभ्यास केला" असे असून चालणार नाही. "पावसाळ्यानंतर उथळ बोअरवेलमधील फ्लोराइड कमी होते, खोल बोअरवेलमधील होत नाही" असे ते हवे. असे वाक्य लिहिता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही. काम अजून पुरे व्हायचे आहे.

दुसरी पायरी : लेखक कोण, आणि नाव कसे लिहायचे

लेखकांच्या नावांवरून होणारी भांडणे मी जितकी पाहिली आहेत तितकी निष्कर्षांवरून पाहिलेली नाहीत, आणि ती बहुधा मसुदा पूर्ण झाल्यावर उपटतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे यासाठी चार अटी घातल्या आहेत, आणि त्या अन्य शास्त्रांतही उपयोगी पडतात: कामाच्या आखणीत, मोजमापात किंवा विश्लेषणात खरा वाटा असणे, मसुदा लिहिण्यात किंवा त्याची मर्मग्राही दुरुस्ती करण्यात भाग घेणे, अंतिम मसुद्याला संमती देणे, आणि छापलेल्या मजकुराची जबाबदारी घेणे. या चारही अटी एकाच व्यक्तीने पूर्ण करायच्या असतात. उपकरण वापरू दिले, अर्जावर सही केली किंवा विभागप्रमुख आहेत एवढ्याने कोणी लेखक ठरत नाही; त्यांचे आभार मानावेत. हे प्रत्यक्षात किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातील मुलीने "सर, तुमचे नाव येणार नाही" असे तोंडावर सांगावे अशी अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. त्यावर व्यवहार्य उपाय एकच, की कामाच्या सुरुवातीलाच मार्गदर्शकांसमवेत बसून कोणाचा कोणता वाटा आणि कोणाचे नाव कितवे हे एका ई-मेलमध्ये नोंदवावे. संकोच मसुद्यानंतर जेवढा असतो त्याच्या चौथाईनेही तो आधी नसतो.

नाव लिहिण्याची पद्धतही पहिल्याच निबंधात पक्की करावी. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द लिहितो. परदेशी संगणकप्रणाली त्यांतील दोन शब्दांची आद्याक्षरे करते, आणि मग कुलकर्णी, पाटील, जोशी अशा आडनावांचे एकाच आद्याक्षराचे शेकडो लेखक एकमेकांत मिसळतात. विवाहानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलणाऱ्या स्त्रियांचे तर अर्धे काम दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर पडल्यासारखे होते. ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक २०१२ पासून विनामूल्य मिळतो आणि नाव बदलले तरी तो बदलत नाही. तो आजच घ्यावा, आणि पारपत्रावर नाव कसेही असो, शोधनिबंधांवर ते कायम एकाच पद्धतीने लिहावे.

तिसरी पायरी : वाचायला मिळवणे

सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. त्याच शहरातील संशोधकाला आज एक शोधनिबंध उघडण्यासाठी तीस-चाळीस डॉलर मागितले जातात, हे मला अजूनही पचत नाही. पण कुरकुर बाजूला ठेवून मार्ग सांगतो. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका असून गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते. योजना केंद्र व राज्य शासनांच्या संस्थांसाठी आहे, त्यामुळे सरकारी विद्यापीठात नोंदणी असलेल्यांनी प्रथम ग्रंथपालांना भेटून घरून वापरण्याचे लॉगइन मागावे. पुष्कळ विद्यार्थी हंसा मेहता ग्रंथालयात वर्षानुवर्षे अभ्यासाला बसतात आणि ही सोय विचारतच नाहीत. खासगी महाविद्यालयातील अध्यापकांना ही वाट सहसा बंद असते. त्यांनी शोधनिबंधाचे शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधावे, कारण लेखकाने स्वतःच्या संस्थेच्या संग्रहात ठेवलेली प्रत अनेकदा सापडते. न सापडल्यास लेखकालाच दोन ओळींचे सभ्य पत्र पाठवावे. मी पाठवलेल्या अशा पत्रांपैकी बहुतेकांना आठवडाभरात उत्तरे आली आहेत. आपले काम कोणी मागून वाचते आहे याचा आनंद नोबेल मिळालेल्यांनाही होत असावा.

चौथी पायरी : नियतकालिक निवडणे

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि तोही मसुदा लिहून होण्यापूर्वी. शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, प्रस्तावनेची लांबी, वाचक कोण, हे सगळे नियतकालिकावर ठरते. आधी लिहून मग घर शोधू लागलो की घाई होते, आणि फसवणारा त्या घाईचीच वाट पाहत असतो.

माझी हकिगत सांगतो. २०१२ साली मला एक ई-मेल आला. "आदरणीय प्राध्यापक" अशा संबोधनाने सुरुवात होती, आणि मी तेव्हा प्राध्यापक नव्हतो, एवढ्यावरूनच शहाणे व्हायला हवे होते. निबंध पाठवला, पाच दिवसांत स्वीकृतीचे पत्र आले, समीक्षकाचा अभिप्राय "चांगले काम आहे, भाषा थोडी सुधारा" इतकाच, आणि सोबत साडेतीन हजार रुपये भरण्याची सूचना. मी भरले. दोन वर्षांनी त्या नियतकालिकाचे संकेतस्थळच नाहीसे झाले. पैशांपेक्षा मोठे नुकसान पुढे कळले: एकदा प्रसिद्ध झालेला मजकूर दुसऱ्या कोणत्याही नियतकालिकाला पाठवता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांचे ते मोजमाप धड कुठे वाचायलाही मिळत नव्हते आणि नव्याने छापताही येत नव्हते. आजीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला का देता आले नव्हते हे तेव्हा उमगले.

अशा नियतकालिकांना प्रिडेटरी जर्नल म्हणतात, आणि त्यांचा धंदा किती फोफावला होता हे २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने दाखवून दिले. दगडफुलासारख्या लायकेनमधील द्रव्याने कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते असा, मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध त्याने ३०४ मुक्त प्रवेश, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या, नियतकालिकांना पाठवला, आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. ज्यांना तो पाठवला त्यांतील सुमारे एक तृतीयांश नियतकालिके भारतातून चालणारी होती. पुढे मे २०१८ मध्ये अनुदान आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. मी फसलो तेव्हा एकटा नव्हतो, एवढाच काय तो दिलासा.

पारख कशी करावी? तुमच्या मसुद्याच्या संदर्भसूचीत जे वीस-पंचवीस शोधनिबंध तुम्ही खरोखर वाचले आहेत, ते कोणत्या नियतकालिकांत आले हे प्रथम मोजा. तीन-चार नावे वारंवार येतील, आणि तुमचे वाचक बहुधा तेथेच आहेत. ही यादी कोणत्याही मान्यतायादीपेक्षा उपयोगी असते, कारण ती तुमच्या विषयातून आलेली असते. नंतर प्रत्येक नियतकालिकाचे अलीकडचे तीन अंक उघडून लेख खरेच वाचावेत. आलेख धूसर असतील, रसायनशास्त्राच्या अंकात वस्त्रोद्योगाच्या करव्यवस्थेवर लेख असेल, तर पुढे पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक लेखावर मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख असते. दोहोंत पाच-सहा दिवसांचेच अंतर सर्वत्र दिसत असेल तर पिअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातील जाणकारांकडून होणारे परीक्षण, झालेले नसते. संपादक मंडळातील दोन-तीन नावे घेऊन त्या व्यक्तींच्या विद्यापीठाच्या पानावर जावे आणि तेथे त्यांनी या संपादकपदाचा उल्लेख केला आहे का ते पाहावे. कित्येकांची नावे त्यांना न विचारताच टाकलेली असतात.

संकेतस्थळावर मिरवणाऱ्या चिन्हांना भुलू नये. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक केवळ नोंदणी दाखवतो; वाहनाला क्रमांक असला म्हणजे चालकाला गाडी येते असे सिद्ध होत नाही. नियतकालिकातील लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा क्लॅरिव्हेट ही संस्था दरवर्षी ठरवते. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे, दोन दशांश स्थळांपर्यंत नेटके छापलेले इतर अनेक 'फॅक्टर' विकत मिळतात. स्कोपस या नियतकालिकांच्या निवडक सूचीत समाविष्ट असल्याचा दावा असेल तर तो स्कोपसच्याच स्थळावर तपासावा, कारण तेथून काढून टाकलेली नियतकालिकेही जुने चिन्ह लावून बसलेली असतात. मुक्त प्रवेश नियतकालिकांसाठी डीओएजे ही २००३ पासूनची निर्देशिका चांगली आहे. जेफ्री बीअल या ग्रंथपालाची प्रसिद्ध काळी यादी जानेवारी २०१७ मध्येच बंद झाली. तिच्या जुन्या नकला अजून फिरतात, पण नंतर निघालेल्या शेकडो नियतकालिकांविषयी त्या काय सांगणार? आणखी एक नवा प्रकार म्हणजे अपहृत नियतकालिक: प्रतिष्ठित, पण संकेतस्थळाकडे दुर्लक्ष असलेल्या नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक घेऊन हुबेहूब दुसरे स्थळ उभे करतात. म्हणून पत्ता शोधयंत्राच्या पहिल्या ओळीवरून घेऊ नये; एखाद्या जुन्या, विश्वासू शोधनिबंधाच्या डीओआय या कायमच्या ओळखक्रमांकावरून नियतकालिकाच्या खऱ्या घरी पोहोचावे.

"पंधरा दिवसांत स्कोपस पेपर, लेखनासह" अशी जाहिरात करणारे दलाल आता मोबाइलवरच येतात. त्यांच्याकडून नाव विकत घेणाऱ्यांचे शोधनिबंध पुढे जाहीरपणे मागे घेतले जातात; २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून अधिक शोधनिबंध मागे घेण्यात आले आणि त्यांतील पुष्कळ असे निबंध बनवून विकणाऱ्या कारखान्यांतून आलेले होते. मागे घेतल्याची नोंद तुमच्या नावासमोर कायम राहते.

पाचवी पायरी : पैसे कोण भरणार

नवख्यांचा असा समज झालेला असतो की छापायचे तर पैसे लागतातच. वर्गणीवर चालणारी बहुसंख्य नियतकालिके लेखकाकडून काही घेत नाहीत; त्यांचा खर्च वाचक, म्हणजे ग्रंथालय, भरते. मुक्त प्रवेश नियतकालिकांत उलट असते, लेखक शुल्क भरतो आणि वाचकाला फुकट मिळते. तिसरा प्रकार हायब्रिड: पैसे भरून निबंध सर्वांना खुला करणे किंवा न भरता तो वर्गणीदारांपुरता ठेवणे असे दोन पर्याय लेखकाला दिसतात, त्यांतील पैसे न भरण्याचा पर्याय निवडला तरी परीक्षणात काही फरक पडत नाही, पण अर्जाच्या त्या पानावर अनेकजण घाबरून चुकीच्या चौकटीत खूण करतात. शुल्क किती असावे याला काही धरबंध नाही; 'नेचर'ने २०२० मध्ये मुक्त प्रवेशासाठी ९,५०० युरो दर जाहीर केला, जो आपल्या संशोधन शिष्यवृत्तीच्या एका वर्षाच्या रकमेहूनही जास्त आहे. गरीब देशांना मिळणाऱ्या पूर्ण माफीच्या याद्यांत भारत सहसा नसतो. तरीही निबंध पाठवण्यापूर्वी संपादकांना लिहून सवलत विचारायला हरकत नाही, मात्र स्वीकृतीनंतर विचारून उपयोग नसतो. लेखकाकडूनही घेत नाहीत आणि वाचकाकडूनही घेत नाहीत अशीही नियतकालिके आहेत. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ मध्ये बंगळुरूत स्थापन केलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिके अकादमीच्या संकेतस्थळावर वाचायला खुली असतात, आणि पहिल्या निबंधासाठी त्यांचा विचार आवर्जून करावा.

परीक्षणाची वाट न पाहता काम खुले करण्याचा मार्ग म्हणजे प्रीप्रिंट. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये अर्काइव्ह हे प्रीप्रिंटचे संकेतस्थळ सुरू केल्यापासून भौतिकशास्त्रज्ञांना याची सवय आहे; जीवशास्त्रासाठी बायोअर्काइव्ह २०१३ मध्ये आणि रसायनशास्त्रासाठी केमअर्काइव्ह २०१७ मध्ये आले. यामुळे कामावर तारखेचा शिक्का बसतो आणि कोणालाही ते फुकट वाचता येते. निवडलेल्या नियतकालिकाला ते चालते का हे आधी पाहावे. बडोद्याभोवती औषध आणि रसायन कंपन्या पुष्कळ असल्याने आणखी एक सावधगिरी सांगतो: कामात पेटंट घेण्याजोगे काही असेल तर आधी पेटंटचा अर्ज करावा आणि मगच प्रीप्रिंट, परिषदेतील पोस्टर किंवा निबंध बाहेर काढावा. एकदा जाहीर केलेली गोष्ट नवी मानली जात नाही.

सहावी पायरी : उसने शब्द

अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या छापील मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष बंदी आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. हे आकडे प्रबंधासाठी आहेत, पण विद्यार्थ्यांनी त्यांतून भलताच धडा घेतला आहे: साम्य नऊ टक्के आले की काम पवित्र झाले. एका परिच्छेदातील मूळ कल्पना दुसऱ्याची असून तिचा निर्देश नसेल तर शून्य टक्के साम्य असले तरी ती चोरीच आहे. उलट प्रयोगपद्धतीच्या वर्णनात शब्द जुळणे स्वाभाविक असते आणि त्याची धास्ती घेऊन "पाणी गाळले" या साध्या वाक्याची मोडतोड करू नये. सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी पर्यायी शब्द टाकलेले मसुदे मी वाचले आहेत. एकात तर संपृक्त द्रावणाचे 'तृप्त द्रावण' झाले होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून भाषा तपासून घेण्यास बहुतेक नियतकालिके परवानगी देतात, पण त्यांचा वापर कुठे आणि कसा केला हे सांगावे लागते, आणि लेखक म्हणून त्यांचे नाव घालता येत नाही, कारण ती जबाबदारी घेऊ शकत नाहीत. त्यांनी सुचवलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहावा. अस्तित्वात नसलेले शोधनिबंध ही साधने अतिशय आत्मविश्वासाने सांगतात.

सातवी पायरी : पाठवणे

एका वेळी एकाच नियतकालिकाला पाठवावे; लग्नाच्या स्थळांप्रमाणे चार ठिकाणी पत्रिका देण्याची पद्धत येथे चालत नाही आणि उघडकीस आल्यास दोन्हीकडून नकार मिळतो. लेखकांसाठीच्या सूचना छापून घेऊन एकेक ओळ पुसत जावे. संपादकांना लिहायच्या पत्रात पहिल्या पायरीतील चौथे वाक्य आणि ते याच नियतकालिकाच्या वाचकांना का हवे एवढे पुरे. समीक्षकांची नावे सुचवायला सांगितली तर आपल्याच विभागातील स्नेह्यांची देऊ नयेत. माणसे किंवा प्राणी यांवर प्रयोग असतील तर नैतिक समितीच्या मंजुरीचा क्रमांक लागतो, आणि ती मंजुरी काम सुरू होण्यापूर्वीची हवी. मागाहून मिळत नाही.

आठवी पायरी : नकार, दुरुस्ती आणि वाट पाहणे

पुष्कळ निबंध समीक्षकांपर्यंत न जाता संपादकांच्या टेबलावरूनच परत येतात. आठवडाभरात आलेला असा नकार हा एका अर्थी उपकार समजावा, कारण सहा महिने वाचतात. परीक्षणाला गेलेल्या निबंधाला तीन-चार महिने लागणे नेहमीचे आहे. समीक्षकांना या कामाचे पैसे मिळत नाहीत, ते आपापली शिकवणी आणि संशोधन सांभाळून वाचतात, आणि संपादकांना हल्ली समीक्षक मिळणेच कठीण झाले आहे. तीन महिन्यांनंतर चौकशीचे एक विनम्र पत्र पाठवायला हरकत नाही. दर सोमवारी पाठवू नये.

अभिप्राय आला की पहिल्या दिवशी तो फक्त वाचावा आणि मिटून ठेवावा. तीन दिवसांनी पुन्हा उघडला की पहिल्या वाचनात अपमान वाटलेली निम्मी वाक्ये साधी शंका निघतात. मग प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली आपले उत्तर आणि बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत केला हे लिहावे. समीक्षकाने चुकीचा अर्थ लावला असेल तर "आपण नीट वाचले नाही" असे म्हणण्याचा मोह आवरावा. जाणकार माणसाचा गैरसमज झाला, याचा अर्थ वाक्य संदिग्ध होते, आणि ते वाक्य बदलणे तुमच्या हातात आहे. न पटलेली सूचना नाकारताही येते, पण मोजमापाच्या किंवा संदर्भाच्या आधाराने. एखादा समीक्षक स्वतःचेच पाच शोधनिबंध उद्धृत करा असे सुचवतो. त्यांतील जे खरोखर संबंधित असतील तेवढेच घ्यावेत आणि बाकीच्यांविषयी संपादकांना स्वतंत्रपणे कळवावे. नकारच आला तर अभिप्रायातील दुरुस्त्या करून मगच दुसरीकडे पाठवावे, कारण विषय लहान असला की तोच समीक्षक दुसऱ्या दारातही भेटतो.

नववी पायरी : स्वीकृतीनंतर

स्वीकृतीचे पत्र आल्यावर पेढे वाटावेत, पण मुद्रितशोधन दुसऱ्यावर सोपवू नये. त्यासाठी सहसा दोन-तीन दिवसच मिळतात. एका मसुद्यात अक्षरजुळणीच्या वेळी मायक्रोग्रॅमच्या चिन्हाचे मिलिग्रॅम झालेले मी पाहिले आहे. पाण्यातील शिशाचा आकडा त्यामुळे हजारपट वाढला होता आणि लेखकाने ते छापून आल्यावर पाहिले. आकडे, एकके, नावांची वर्णरचना आणि संस्थेचा पत्ता हे मोठ्याने वाचून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे.

त्याच सुमारास कॉपीराइटचा फॉर्म येतो आणि तो बहुतेकजण न वाचता भरतात. हक्क प्रकाशकाला दिले तरी परीक्षणानंतरचा, पण प्रकाशकाने मांडणी करण्यापूर्वीचा तुमचा मसुदा स्वतःच्या संस्थेच्या संग्रहात ठेवण्याची मुभा पुष्कळ प्रकाशक ठरावीक महिन्यांनंतर देतात. ती मुदत त्या फॉर्ममध्ये किंवा प्रकाशकाच्या धोरणात लिहिलेली असते. ती दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावी आणि त्या दिवशी मसुदा खुला करावा. मूळ मोजमापे झेनोडोसारख्या संग्रहात ठेवली की त्यांनाही स्वतंत्र डीओआय मिळतो आणि पुढच्या विद्यार्थ्याला तेच पाणी पुन्हा मोजत बसावे लागत नाही. प्रबंध यथावकाश इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा संग्रहात जातोच. त्यातील प्रकरणांवरून निबंध निघायचे असतील तर प्रबंध काही काळ बंद ठेवण्याची सोय आहे का हे विद्यापीठाला आधी विचारावे.

शेवटी एक कागद आणखी लिहायचा असतो, ज्याचे गुण कोणत्याही मूल्यमापनात मिळत नाहीत. ज्या चाळीस घरांच्या बोअरवेलमधून तुम्ही दोन वर्षे बाटल्या भरून नेल्या, त्यांना तुमचा इंग्रजी निबंध कधीच दिसणार नाही. त्यांच्यासाठी एका पानावर, गावात गुजराती आणि आपल्या माणसांत मराठी, असे लिहावे की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते, आणि तुमच्या पाण्यात उन्हाळ्यात इतके व पावसाळ्यानंतर इतके आढळले. प्रयोगशाळेतील संज्ञा त्यात नकोत. तो कागद स्वतः नेऊन द्यावा, आणि वरच्या कोपऱ्यात घरमालकाचे नाव व बोअरवेलचा ठिकाणा लिहावा. नमुना क्रमांक तेवीस म्हणजे आपलीच बोअरवेल हे त्या घरात कोणाला माहीत नसते.